उघड्या दाराचे लग्न

इंग्लंडमधल्या जुन्या घरंदाज वाड्यात कुणाचे लग्न असले, की पाहुण्यांना निमंत्रणासोबत नियमांचा कागदही मिळतो. टोकदार टाचांचे बूट नकोत. मेणबत्त्या पेटवायच्या नाहीत. रंगीत कागदाचे कपटे उधळू नयेत, सुकवलेल्या पाकळ्या चालतील. आपल्याकडे असा कागद धाडला, तर अर्धे वऱ्हाड रुसून बसेल! पण या कागदामागे मोठा इतिहास आहे.

टाचेचे आधी सांगतो. पंचावन्न किलोच्या बाईचा भार चौरस सेंटिमीटरभर टाचेवर आला, की ओकच्या फळ्यांवर हत्तीच्या पावलापेक्षा कितीतरी जास्त दाब पडतो. आगीची धास्ती तर विचारूच नका. ससेक्समधले अपपार्क हे घर १९८९ मध्ये छपराची दुरुस्ती करणाऱ्यांच्या ब्लो-टॉर्चने पेटले. ते पुन्हा उभे राहून लोकांना खुले व्हायला १९९५ साल उजाडले.

एवढी भीती, तर परक्यांची लग्ने घरात घ्यायचीच कशाला? पैशांसाठी. मृत्यूनंतर इस्टेटीवर बसणारा कर १८९४ मध्ये जास्तीत जास्त ८ टक्के होता, तो १९४९ मध्ये ८० टक्क्यांवर गेला. चॅट्सवर्थच्या दहाव्या ड्यूकने मालमत्ता आधीच पुढच्या पिढीकडे सोपवली होती, पण कर चुकायला त्यानंतर पाच वर्षे जगणे भाग होते. मुदतीला काही आठवडे उरले असताना, नोव्हेंबर १९५० मध्ये, तो गेला. घराण्याचे दुसरे घर, हार्डविक हॉल, करापोटी सरकारला द्यावे लागले. कित्येक घराण्यांचे वाडे तर पाडलेच गेले. उरलेल्यांनी दाराशी तिकीट लावले, आणि कायद्याने मुभा देताच लग्नेही घेतली.

ही मुभा मिळायला मात्र फार काळ गेला. लंडनच्या फ्लीट तुरुंगाच्या आसपास पैसे घेऊन गुपचूप लग्ने लावणारे पाद्री असत. त्यांना आळा घालण्यासाठी १७५३ च्या कायद्याने लग्न चर्चमध्येच, आधी जाहीर करून किंवा परवाना काढून, लावायची सक्ती केली. ज्यू आणि क्वेकर तेवढे वगळले. घरच्या दिवाणखान्यात लग्न हवे, तर कँटरबरीच्या आर्चबिशपचा खास परवाना लागे. जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मधल्या बेनेटबाई लेकीसाठी त्याचाच हट्ट धरतात. १८३६ च्या कायद्याने सरकारी नोंदणीचे लग्न आणले, तेही दारे उघडी ठेवून. मान्यता घेतलेल्या वाड्यांत ते लावता येऊ लागले १ एप्रिल १९९५ पासून. वाडा खाजगी असला तरी लग्न लागताना कुणालाही फुकट आत येता आले पाहिजे, ही अट कायम राहिली. लग्नाच्या खोलीत तासभर आधीपासून खाणेपिणे बंद. आणि धार्मिक काहीही नको.

इथे माझ्यासारखा मुसलमान थबकतो. निकाहला जागेचे बंधन नाही. ओसरी चालते, अंगण चालते. दोघांची कबुली हवी, साक्षीदार हवेत, मेहर हवा. पण खुतबा म्हटला की कुराणातल्या आयती आल्याच. म्हणून अशा वाड्यात आधी निबंधकाचे लग्न उरकायचे आणि मग निकाह वेगळा. २००५ मध्ये नियम थोडे सैल झाले, पण विधीला बंदी राहिलीच.

एकाच लग्नासाठी दोन सोहळे नकोत म्हणून काहीजण नुसत्या निकाहवर थांबतात. त्याची किंमत बहुधा बाईला मोजावी लागते. १९९८ मध्ये लंडनच्या एका रेस्टॉरंटात असाच निकाह झाला. इमाम होते, साक्षीदार होते, पाहुण्यांची गर्दी होती. पुढे सरकारी नोंदणी करू या म्हणून बायको मागे लागली, नवऱ्याने टाळले. संसार मोडल्यावर ती कोर्टात गेली. २०२० मध्ये अपील न्यायालयाने सांगितले, की कायद्याच्या लेखी हे लग्नच नव्हे. रद्द करावे असेही त्यात काही नाही. म्हणजे लग्न रद्द ठरवून नवऱ्याकडून आर्थिक हक्क मागण्याची वाटही बंद.

चोरून लग्ने होऊ नयेत म्हणून केलेली जागेची अट अशी भरल्या मांडवातल्या बाईवर उलटली. २०२२ मध्ये तिथल्या विधी आयोगाने सुचवले, की बंधने इमारतीवर न घालता लग्न लावणाऱ्या माणसावर घालावीत. मला ते पटते. वाड्याच्या मालकांनी टाचांची काळजी खुशाल करावी.