उंदीर पडले...

'उंदीर पडले' एवढे दोन शब्द जुन्या माणसांना पुरत. घरात मेलेले उंदीर दिसले की प्लेग आला असं समजायचं, चूल-भांडी उचलायची आणि रानात झोपडी बांधून राहायचं. का, ते कोणालाच सांगता येत नसे.

१८९७ साली पुण्यात रँडसाहेबाच्या कमिटीचं सगळं लक्ष माणसांवर. गोरे सोल्जर घरात घुसून बायकांनासुद्धा तपासत, सामान बाहेर काढून जाळत, वाडे औषधाने धूत. त्या गोंधळात उंदीर शेजारच्या वाड्यात पळाले तर नवल काय! १० मार्चला रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले प्लेगनेच गेल्या. २२ जूनला चापेकर बंधूंनी रँडला गोळी घातली.

आणि पिसवांचं कोडं सुटलं ते पुढच्या वर्षी! जून १८९८ मध्ये, कराचीत, सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरकडून. उंदीर मेला की अंग गार पडतं, मग त्याच्यावरच्या उपाशी पिसवा दुसरं ऊबदार अंग शोधतात. म्हणजे घर सोडणारे अडाणी नव्हते तर... सिमाँचं म्हणणंही बरीच वर्षं कोणी मनावर घेतलं नाही, ते सोडा.

१९९४ साली बीड जिल्ह्यातल्या मामला गावातही आधी उंदीरच पडले. मग माणसांना गाठी यायला लागल्या.