मैफल ओसरते तेव्हा

गेल्या महिन्यात माझी नात एक तक्रार घेऊन माझ्याजवळ आली. तिचे व तिच्या मित्रमैत्रिणींचे एक लहानसे लेखकमंडळ आहे. आवडत्या कादंबरीतील पात्रे घ्यावयाची, मूळ लेखकाने जेथे कथा सोडली तेथून ती पुढे न्यावयाची आणि लिहिलेले संगणकावरून एकमेकांस धाडावयाचे, असा त्यांचा क्रम. पुढे कोणी परीक्षेत गुंतले, कोणी नोकरीत. मंडळात आता तिघेच उरले, आणि ह्याच सुमारास नातीची लेखणीही अडली. "आजोबा, ह्यात राहावे की सोडावे?" असे तिने विचारले. मी तिला एका इंग्रज घराची हकीकत सांगितली. तीच आज आपणांपुढे ठेवतो.

यॉर्कशायर परगण्यातील हॉवर्थ ह्या गावी पॅट्रिक ब्राँटे हे धर्मोपदेशक होते. जून १८२६ मध्ये लीड्सहून परतताना त्यांनी आपला मुलगा ब्रॅनवेल ह्याच्यासाठी लाकडी शिपायांची पेटी आणली. आईविना वाढणाऱ्या चौघा भावंडांनी एकेक शिपाई उचलला. दहा वर्षांच्या शार्लटने आपल्या शिपायास ड्यूक ऑफ वेलिंग्टन हे नाव दिले, तर ब्रॅनवेलने आपल्यास बोनापार्ट म्हटले. त्या शिपायांसाठी आफ्रिकेत ग्लास टाउन नावाची काल्पनिक नगरी वसली. घरी 'ब्लॅकवुड्स मॅगझिन'चे वाचन होई. त्याच्या धर्तीवर ब्रॅनवेलने जानेवारी १८२९ मध्ये मासिक काढले व पुढे शार्लटने ते चालविले. पाने तळहाताहूनही लहान, अक्षर असे बारीक की भिंग हाती घ्यावे. आपल्या शाळांतील हस्तलिखित मासिके ज्यांनी पाहिली असतील, त्यांस ह्या खटाटोपाची गोडी सांगावयास नको. वेलिंग्टनचे खरेखुरे पुत्र त्या कथांतील पात्रे झाले. तेव्हा दुसऱ्याच्या जगातील माणसे घेऊन आपली कथा रचणे, हा प्रकार काही आजचा नव्हे.

परंतु मंडळ तेथेही फुटले. १८३१ मध्ये शार्लट शिकावयास बाहेर गेली, आणि एमिली व ॲन ह्या धाकट्या दोघींनी गोंडाल नावाचे आपले वेगळे राज्य स्थापिले. थोरली दोघे पुढे अँग्रिया ह्या राज्यात रमली. १८३५ मध्ये शार्लट रो हेड येथील शाळेत शिक्षिका झाली. तेथील तिची टिपणे वाचताना मजसारख्या जुन्या मास्तराचा जीव कासावीस होतो. मन अँग्रियात रंगलेले असावे, आणि तेवढ्यात एखादी विद्यार्थिनी धडा घेऊन समोर उभी राहावी! मुलीचा दोष नव्हता, शार्लटचाही नव्हता. पण लेखन अडले ते अडलेच. १८३९ च्या सुमारास तिने अँग्रियाचा निरोप घेतला.

एमिलीने मात्र गोंडाल सोडले नाही. जून १८४५ च्या अखेरीस ती व ॲन यॉर्क शहरी सहलीस गेल्या असता त्यांनी वाटेत गोंडालच्या पात्रांचीच सोंगे घेतली. एमिली तेव्हा २६ वर्षांची व ॲन २५ वर्षांची होती. पुढच्याच महिन्यात दोघींनी, काही वर्षांनी उघडून पाहावयाचे म्हणून, आपापले टिपण लिहिले. गोंडालचे लोक पूर्ववत भरभराटीत आहेत व ते आनंद देतील तोवर आपण त्यांस धरून राहू, असा एमिलीचा सूर; तर हा खेळ आता पूर्वीसारखा रंगत नाही, अशी ॲनची शंका. बैठक एकच, एकीस ती भरलेली दिसे, दुसरीस ओसरलेली.

त्याच वर्षी शरद ऋतूत एमिलीच्या कवितांची वही शार्लटच्या हाती पडली. गोंडालची नावे गाळून त्यांतील काही कविता, स्वतःच्या व ॲनच्या कवितांसह, तिघींनी १८४६ मध्ये पदरच्या पैशाने व टोपणनावांनी छापविल्या. वर्षभरात प्रती खपल्या दोन! तरी रात्री नऊच्या सुमारास शिवणकाम बाजूस ठेवून बैठकीच्या खोलीत येरझारा घालीत एकमेकींस कथानके सांगण्याचा क्रम मोडला नाही. १८४७ मध्ये 'जेन एअर', 'वदरिंग हाइट्स' व 'ॲग्नेस ग्रे' ह्या तिघींच्या तीन कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या.

पुढे काळाने घाला घातला. सप्टेंबर १८४८ मध्ये ब्रॅनवेल, डिसेंबरात एमिली आणि मे १८४९ मध्ये ॲन गेली. 'शर्ली' ही शार्लटची कादंबरी अर्धवट पडली होती. ती तिने त्याच वर्षी पुरी केली. रात्री त्याच खोलीत ती एकटीच येरझारा घाली. नंतरच्या 'व्हिलेट'च्या वेळी तर लेखन महिनेच्या महिने थांबले. एक ओळ वाचून दाखवावी असे कोणी घरात उरले नाही, ह्याने आपण निराश झालो, हे तिने ऑक्टोबर १८५२ मध्ये आपल्या प्रकाशकास कळविले आहे. त्यापूर्वी जूनमध्ये ती स्कारबरो येथे ॲनच्या समाधीस जाऊन आली होती. दगडावरील लेखात चुका आढळल्या, त्या तिने दुरुस्त करविल्या. नोव्हेंबरात 'व्हिलेट' पुरी झाली.

श्रोते हो, लेखणी अडते ती नेहमीच विचार आटल्यामुळे अडते असे नाही. पुष्कळदा ऐकणारा उठून गेला म्हणून अडते. एमिलीने एका श्रोत्यावर गोंडाल जगविले. शार्लटपाशी तोही उरला नाही, तेव्हा तिने निदान ती वेळ, ती खोली आणि ती येरझार राखली.

हे सारे सांगून मी नातीस एवढेच म्हणालो, "बाळ, गेलेल्यांची मोजदाद करू नकोस. उरलेल्यांची वेळ ठरव, आणि त्या वेळी चार ओळी तरी वाचून दाखव. तुम्ही तिघे आहात ना? हॉवर्थच्या त्या खोलीतही शेवटी तिघीच होत्या."