खोर म्हणजे खाणारा

केळापूर तालुक्याचा कारभार पांढरकवड्यातून चालतो. नागपूर-हैदराबाद रस्त्यावरचं हे गाव. पुढे पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद. वऱ्हाडी, गोंडी, कोलामी, तेलुगू आणि मुसलमानांच्या घरातली दखनी, सगळ्या एकाच बाजारात ऐकू येतात. 1853 च्या तहापर्यंत हा मुलूख निजामाच्या प्रत्यक्ष कारभारात होता. तालुका, तहसील, अर्ज, वसुली हे शब्द कचेरीतून आले, हे सगळ्यांना माहीत असतं. पण खाण्याच्या भाषेतही फारसी शिरली आहे, हे सहसा लक्षात येत नाही.

'खोर' घ्या. फारसीत 'खुर्दन' म्हणजे खाणे. त्यावरून खोर, म्हणजे खाणारा. हरामखोर म्हणजे हराम खाणारा. रिश्वतखोरातली रिश्वत काढून आपण लाच घातली आणि लाचखोर केला. खोर तसाच ठेवला. पुढे तर मराठीने तो कुठेही जोडला: भांडखोर, चिडखोर, बंडखोर. आता बंड कोण खातं? पण अर्थ कुणालाही विचारावा लागत नाही.

फारसी माणूस बरंच काही खातो. सर्दी झाली तर 'थंडी खातो', पडला तर 'जमीन खातो', बुडाला तर 'गोता खातो'. आपणही मार खातो, हवा खातो, गोते खातो. यातलं सगळंच तिकडून आलं असं मी म्हणणार नाही. मराठीचं 'खाणे' संस्कृतातून आलेलं, स्वतंत्र. पण गोता तर सरळच तिकडचा.

हे शब्द काढून टाकायचे प्रयत्नही झाले. शिवाजी महाराजांच्या काळातल्या राज्यव्यवहारकोशाने फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली. गंमत माधव जूलियनांची. 1925 मध्ये फारसी-मराठी कोश देणारा हा कवी नंतर भाषाशुद्धीच्या बाजूने लिहू लागला. महापौर, दिनांक असे शब्द रुजले, चांगलेच रुजले. पण चिडलेल्या माणसाच्या तोंडून हरामखोर काही गेला नाही. शिवीला समिती नसते.

मुसलमान वाचकाला यात आणखी एक ओळख पटेल. कुरआनात व्याजाबद्दल बोलताना व्याज 'खाणारे' असाच शब्द आहे (सूरह बकरा, 275). अनाथांचा माल खाणारे पोटात आग भरतात, असं सूरह निसामध्ये येतं (10). सूरह माइदात (42) 'सुहत', म्हणजे हरामाची कमाई, खाणाऱ्यांचा उल्लेख आहे. तो जवळजवळ आपला हरामखोरच. आणि पाठीमागे निंदा करणं म्हणजे मेलेल्या भावाचं मांस खाणं (सूरह हुजुरात, 12). चुगलखोर हा शब्द उच्चारताना मला नेहमी ही आयत आठवते.

म्हणून आमच्याकडे हलाल-हरामची चर्चा फक्त खाटकाच्या दुकानापाशी थांबते, तेव्हा वाईट वाटतं. मटण कुणी कापलं हे विचारणारा, ते कुठल्या पैशाने घेतलं हे क्वचित विचारतो.

केळापूर हा कपाशीचा तालुका. पेरणीला कर्ज, वेचणीनंतर फेड, पाऊस हुकला तर व्याजावर व्याज. सरकारी कायद्याचं नाव आहे महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014. सावकार हा शब्द साधुकारावरून आलेला, म्हणजे मुळात सज्जन, सचोटीचा माणूस. जमिनीचा कागद ज्याच्याकडे अडकला आहे तो शेतकरी मात्र त्याला व्याजखोर म्हणतो.