मुरलेल्या तंत्राचा डबा

निन्टेन्डोचा गेमबॉय हातात घेतला की आधी प्रश्न पडतो, यात काही दिसतं का? पडद्याला स्वतःचा उजेड नाही. रंग म्हणाल तर शेवाळी हिरव्याच्या चार छटा. ठिपके 160 गुणिले 144. चेंडू वेगात गेला की मागे धुरकट शेपटी राहते. ट्यूबलाइटखाली मान वाकडी करून, डाव्या कडेची चकती मागेपुढे फिरवत खेळायचं. 1989 सालीही हे जुनाटच वाटत होतं.

त्याचं मूळ क्योटोतल्या पत्त्यांच्या कारखान्यात आहे. गुनपेई योकोई 1965 मध्ये निन्टेन्डोत लागले ते यंत्रांच्या देखभालीसाठी. कंपनी तेव्हा हानाफुदा पत्ते बनवायची. रिकाम्या वेळात त्यांनी लाकडाचा लांब होणारा पंजा केला. मालक यामाउचींनी तो पाहिला आणि रागवायचं सोडून विकायला काढला. पुढे बुलेट ट्रेनमध्ये कंटाळलेला एक प्रवासी कॅल्क्युलेटरची बटणं दाबत बसलेला योकोईंना दिसला. कॅल्क्युलेटर कंपन्यांच्या चढाओढीत छोटे पडदे स्वस्त झालेलेच होते. त्यातून 1980 मध्ये खिशातला ‘गेम अँड वॉच’ आला.

नवं तंत्र महाग आणि लहरी. ज्याच्या खोडी ठाऊक झाल्यात, जे स्वस्त झालंय, त्याचाच वेगळा उपयोग शोधा, असं योकोईंचं म्हणणं. अशा तंत्राला ते जपानीत ‘वाळलेलं’ म्हणत. मी त्याला मुरलेलं म्हणेन, लोणच्यासारखं.

गेमबॉयही याच विचारातला. 1989 मध्येच आलेल्या अटारी लिंक्सला रंगीत, उजळ पडदा होता. सहा पेन्सिल सेल घाला, चार-पाच तासांत खेळ खलास. पुढच्या वर्षीच्या सेगाच्या गेम गिअरचीही तीच रड. गेमबॉयला चारच सेल लागत आणि त्यावर तो दहा-पंधरा तास चालायचा. किंमत 12,500 येन. म्हणजे पडद्याचा उजेड काढून टाकला, तो सेलच्या आयुष्यात जमा झाला. लांबच्या प्रवासातल्या पोराला यातलं काय हवं, हे योकोईंनी बरोबर ओळखलं.

अमेरिकेत त्याच्यासोबत टेट्रिस मिळायचा, हे तर जमून आलेलं लग्नच. मॉस्कोच्या अलेक्सेई पाजितनोव्हचा हा खेळ. ठोकळे सावकाश उतरतात, त्यामुळे धुरकट शेपटीचा त्रास नाही. रंग नाहीत तर ठोकळ्यांवर वेगवेगळी नक्षी काढली, झालं.

जपानपुरता का होईना, उजेडाचा गेमबॉय 1998 मध्ये आला. तो पाहायला योकोई नव्हते. आदल्या वर्षी रस्त्यावरच्या अपघातात ते गेले.

आमच्याकडे खरा गेमबॉय कुणा परदेशातल्या मामाकडूनच यायचा. बाकीच्यांच्या हातात असायचा ‘ब्रिक गेम’, वर 9999 खेळ असल्याचं छापलेला. त्यातले वेगळे म्हणावेत असे दोन हातांच्या बोटांवर मोजता यायचे, पण ठोकळे तेच, आणि पडद्याला उजेड नाही, तेही तसंच. आवाज क्षीण झाला की सेल काढायचे, खिडकीत उन्हाला ठेवायचे, तरी भागलं नाही तर दाताने चावायचे. आणखी एक डाव निघायचा.