विंग फॉइल शिकायचंय? आधी मोबाईलवर वारा वाचा

विंग फॉइलमध्ये हातात हवा भरलेला पंख, पायाखाली बोर्ड आणि बोर्डखाली पाण्यात फॉइल असतं. वेग आला की फॉइल विमानाच्या पंखासारखं काम करतं आणि बोर्ड पाण्यावर उचलला जातो.

शिकण्याचा क्रम सोपा आहे: आधी जमिनीवर पंख हाताळा, मग बोर्डवर गुडघे टेकून, नंतर उभं राहून. उडणं सगळ्यात शेवटी. तोल गेला तर पंख सोडा, ओढ लगेच थांबते. फॉइलची कड लागते, म्हणून हेल्मेट आणि लाइफ जॅकेट हवंच.

विंडीसारख्या ॲपमध्ये तीन गोष्टी बघा:

• वेग: नवशिक्यांना साधारण १२ ते १८ नॉट, म्हणजे ताशी २२ ते ३३ किमी.
• गस्ट: झोताचा आकडा वेगापेक्षा खूप जास्त असेल तर थांबा.
• दिशा: वारा काठाकडून पाण्याकडे असेल तर उतरू नका, परत येणं अवघड जातं.

सोलापूरकरांना उजनीचं पाणी जवळचं वाटेल. पण मे २०२४ मध्ये कुगाव-कळाशी दरम्यान अचानक सुटलेल्या वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जण बुडाले. वळवाचं वादळ ॲपमध्ये नेमकं दिसेलच असं नाही. म्हणून प्रशिक्षक आणि बचाव बोट असेल तिथेच शिका, आणि आभाळ भरून आलं की ॲप काहीही म्हणो, बाहेर या.