पाथरीच्या वेशीवर, 1518

साल 1518. पायांखाली काळी, भेगाळलेली जमीन. दक्षिणेला काही कोसांवर गोदावरी. समोर पाथरीचा नवा किल्ला. बुरुजावरचा चुना इतका ताजा की तळहात टेकवला तर पांढरा होईल.

वेशीवरचा पहारेकरी नाव विचारत नाही. तो विचारतो, "नगरकडून आलात का?" उत्तर जपून द्या. पाथरी वऱ्हाडच्या अलाउद्दीन इमादशहाची आहे, आणि अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचा मुलूख इथून लांब नाही. दोन्ही राज्यं तिशीच्या आतबाहेरची. बहमनी सत्ता खिळखिळी झाली तसे तिचे सरदार स्वतंत्र झाले, त्यातली ही दोन. अशा मुलखात हद्दीचा दगड शोधत बसू नका. सारा कोण नेतो आणि दफ्तर कोणाच्या नावानं लिहिलं जातं, एवढीच काय ती हद्द.

म्हणून आधी कुलकर्ण्याच्या ओसरीवर जा. "या, बसा पाव्हणे," म्हणून तो घोंगडी अंथरतो. रुमालात बांधलेलं दफ्तर सोडतो, बोरूचं टोक नखावर घासून बघतो आणि आवाज खाली आणून सांगतो, "नगरचा सुलतान परका नव्हे. त्याचे पूर्वज याच गावचे कुलकर्णी. कुटुंब विजयनगरच्या मुलखात गेलं, तिथला एक मुलगा बहमनी फौजेनं धरून नेला, मुसलमान झाला, मलिक हसन झाला. त्याचा मुलगा अहमद निजामशहा, आणि अहमदचा हा बुऱ्हाण."

ही गोष्ट पुढं कुठं गेली तेही तो सांगतो. नगर दरबारी गेलेल्या नातलगांनी बुऱ्हाणच्या कानी घातलं की वाडवडिलांचं गाव आपल्याकडे असावं. पाथरीच्या बदल्यात याहून चांगल्या वसुलाचा परगणा देतो, असं नगरनं इमादशहाला कळवलं. इमादशहानं नकार दिला आणि वर हा किल्ला उठवला. व्यवहाराच्या दृष्टीनं हा सौदा वऱ्हाडच्या फायद्याचा होता. तरीही तो नाकारला गेला, कारण दुसऱ्याच्या मुळाचं गाव आपल्या ताब्यात असणं हीसुद्धा एक ताकद असते, आणि अलाउद्दीनला ते पुरतं कळत होतं.

तुम्ही ओसरीवर असतानाच बातमी येते की निजामशहा दौलताबादकडे निघालाय, वेरूळची लेणी बघायला. गाव सुस्कारा सोडतं. तुम्ही सोडू नका. तो वाट वाकडी करून भरधाव इकडे येतोय. थोड्याच वेळात शिड्या तटाला लागतात, आरडाओरड होते, आणि चुना वाळायच्या आत किल्ला नगरचा होतो. सात वर्षांचा असताना गादीवर बसलेल्या मुलानं वाडवडिलांचं गाव घेतलं.

सरहद्दीवरच्या गावाची अशीच एक कहाणी आणि तिचा कागद बघायला इथून आता फार लांब चला. 384चा वसंत, एडेसा शहर, आजचं तुर्कस्तानातलं उर्फा. एगेरिया नावाची एक यात्रेकरू बाई पश्चिमेच्या टोकाकडून आली आहे, तुम्ही तिच्या मागे चाला. बिशप तिला शहराचा पूर्वीचा राजा अबगर याचा वाडा दाखवतो आणि वाड्यातली तळी दाखवतो. पाणी स्वच्छ आहे, मासे थोराड आहेत. मग वेशीपाशी उभं राहून तो दोन पत्रं वाचतो: एक अबगर राजानं येशूला लिहिलेलं, दुसरं येशूचं उत्तर. इराणी फौजेनं शहराला वेढा घातला तेव्हा हेच पत्र उंच धरलं आणि शहर वाचलं, असं तो सांगतो.

हे शहर पूर्वी ओस्रोईन नावाच्या लहानशा राज्याची राजधानी होतं, रोम आणि पार्थिया यांच्या चिमटीत सापडलेल्या राज्याची. तिसऱ्या शतकात रोमनं ते गिळलं. पत्राची पहिली ठळक नोंद मात्र चौथ्या शतकाच्या सुरुवातीला मिळते. इतिहासकार युसेबियस म्हणतो, हे मला एडेसाच्या दफ्तरखान्यात मिळालं. राज्य बुडालं आणि त्याच्या पुण्याईचा कागद वर आला.

एगेरियाच्या हातातली प्रत नीट बघा. ती लिहिते की याची नक्कल आमच्या गावी आहे, पण इथं मिळाली ती अधिक भरलेली वाटते. प्रारंभीच्या ख्रिस्ती ग्रंथांचा अभ्यास ज्या कुतूहलावर उभा आहे, ते सगळं या एका वाक्यात आहे. युसेबियसच्या प्रतीत शत्रू या शहरावर कधी सत्ता गाजवणार नाही, असं वचन नाही. नंतरच्या प्रतींत ते आहे. ते कुठून आलं हे समजायला तर्कशास्त्र लागत नाही. तटाबाहेर इराणी फौज दिसत असलेल्या माणसांनी ते आत घातलं. (609 मध्ये इराण्यांनी शहर घेतलंच.) पत्र खरं नाही यावर आज अभ्यासकांचं जवळपास एकमत आहे. पण ते वचन सरहद्दीवरच्या भीतीचा अस्सल पुरावा आहे, आणि मला हा पुरावा पत्राहून मोलाचा वाटतो.

कोणी लिहिलं, कधी आणि कुठं बसून, हे प्रश्न घेऊन परत दख्खनला या. पाथरीची ही हकीकत आपल्याला सांगतो इतिहासकार फरिश्ता. तो सतराव्या शतकाच्या आरंभी, विजापूरच्या आदिलशहाच्या आश्रयानं लिहितो, म्हणजे घटनेनंतर जवळजवळ नव्वद वर्षांनी आणि प्रतिस्पर्ध्याच्या दरबारात बसून. त्याच्या थोडं आधी, 1590च्या दशकात, खुद्द निजामशाहीच्या आश्रयाला असलेल्या सय्यद अली तबातबानं 'बुऱ्हान-इ-मआसिर' लिहिला. त्यात अहमद निजामशहा बहमनी सुलतानाचा मुलगा ठरतो. एका घराण्याच्या या दोन वंशावळी. मत्तयाच्या शुभवर्तमानात योसेफाचा बाप याकोब आणि लूकच्या शुभवर्तमानात एली, तशीच ही गाठ. दोन्ही याद्या दाविदाच्या घराण्याला जोडल्या जातात, मधली नावं मात्र बहुतेक जुळत नाहीत.

शुभवर्तमानांचे अभ्यासक एक कसोटी लावतात: लिहिणाऱ्याला किंवा त्याच्या माणसांना अडचणीची ठरेल अशी गोष्ट मुद्दाम रचली गेली असण्याचा संभव कमी. पाथरीला ती तशीच्या तशी लागू पडत नाही. निजामशाहीच्या मुळाची अडचण विजापूरला नव्हतीच, उलट ते मूळ सांगायला फरिश्ता मोकळा होता. म्हणून त्याची वंशावळ मी जपूनच घेतो. बहमनी राजपुत्राची गोष्ट तर त्याहून जपून घ्यायची, ती घराण्याच्या मिठाला जागून लिहिलेली आहे.

पण वंशावळ बाजूला ठेवा आणि हालचाली बघा. 1527 मध्ये तुम्ही पुन्हा इथल्या वेशीवर आहात. इमादशहानं गोवळकोंड्याच्या कुतुबशहाच्या मदतीनं पाथरी परत घेतली आहे, आणि बुऱ्हाण पुन्हा चालून आला आहे. या वेळीही किल्ला पडतो, पण आता तो जमीनदोस्त केला जातो. परगणा सुलतानाच्या ब्राह्मण नातलगांना इनाम मिळतो. फरिश्ता म्हणतो, अकबराच्या काळापर्यंत तो त्यांच्याकडे होता. ज्या गावासाठी दोनदा फौज आणली, तिथला किल्ला बुऱ्हाणनं राखला नाही. राखलं ते दफ्तर, आणि ते लिहायला आपली माणसं बसवली.