कॉम्प्युटरमध्ये पीएच.डी. म्हणजे नेमकं काय करतात? मोबाईलपर्यंत पोहोचलेल्या एका अभ्यासाची माहिती

गावातलं कुणी कॉम्प्युटरमध्ये पीएच.डी. करतंय असं कळलं की पारावर पहिला प्रश्न ठरलेला असतो, "अजून शिकतोयच का? मग नोकरी कधी?" घरच्यांनाही नीट सांगता येत नाही. पीएच.डी. म्हणजे आणखी जाड पुस्तकं पाठ करणं, असा बऱ्याच जणांचा समज आहे. खरं तर विद्यार्थी एकच प्रश्न हातात घेतो आणि काही वर्षं त्याचाच पिच्छा पुरवतो. हे समजून घ्यायला अमेरिकेतल्या मेंडेल रोझेनब्लम यांचं उदाहरण चांगलं आहे. त्यांनी विद्यार्थी असताना ज्या कल्पनेवर काम केलं, ती आज अनेक अँड्रॉइड मोबाईलमध्ये रोज वापरली जाते.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काय?

मोबाईलमधलं अँड्रॉइड, कॉम्प्युटरमधलं विंडोज किंवा लिनक्स म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम. कालव्याचं पाणी कुणाला कधी आणि किती वेळ, हे जसं पाटकरी बघतो, तसंच हे काम. कोणत्या अ‍ॅपला किती मेमरी द्यायची, प्रोसेसर कधी कुणाला द्यायचा, फाईल कुठे ठेवायची, हे सगळं तीच ठरवते. ती दिसत नाही, पण तिच्याशिवाय एकही अ‍ॅप चालत नाही.

रोझेनब्लम यांचं शिक्षण

रोझेनब्लम यांचा जन्म 1962 चा. व्हर्जिनिया विद्यापीठातून 1984 मध्ये त्यांनी पदवी घेतली ती गणितात. नंतर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या शाखेत ते कॉम्प्युटर सायन्स शिकायला गेले. तिथे प्राध्यापक जॉन आउस्टरहाउट यांच्या हाताखाली 'स्प्राइट' नावाची नवी ऑपरेटिंग सिस्टीम तयार होत होती. रोझेनब्लम त्या गटात काम करू लागले आणि त्यातूनच त्यांच्या पीएच.डी.चा विषय निघाला.

प्रश्न काय होता?

त्या काळी फाईल हार्ड डिस्कवर साठवायचे. डिस्क गरगर फिरते आणि एक बारीक हात पुढे-मागे सरकून तिच्यावर लिहितो. प्रोसेसर वर्षागणिक वेगवान होत होते, पण हा हात सरकायला वेळ लागायचा तो लागायचाच. छोट्या छोट्या फाईल लिहायच्या म्हटलं की डिस्कचा बराच वेळ नुसता हात हलवण्यात जायचा. त्या वेळच्या युनिक्स पद्धतीत लिहिताना डिस्कच्या क्षमतेच्या जेमतेम 5 ते 10 टक्केच उपयोग व्हायचा.

उत्तर : रोजकीर्दीसारखं लिहायचं

किराणा दुकानदाराकडे दोन वह्या असतात. खातेवहीत प्रत्येक गिऱ्हाइकाचं वेगळं पान, म्हणून दर नोंदीला पान शोधावं लागतं. रोजकीर्दीत मात्र जे घडेल ते एकाखाली एक लिहीत जायचं, पानं उलटायची गरजच नाही. आउस्टरहाउट यांच्या गटाने हेच डिस्कला लावायचं ठरवलं. बदल जमा करायचे आणि सलग, शेवटच्या नोंदीपुढे एकदम लिहून टाकायचे. कोणती फाईल कुठे आहे, याची वेगळी सूची ठेवायची. याला 'लॉग स्ट्रक्चर्ड फाईल सिस्टीम' म्हणतात.

आणखी एक फायदा झाला. मध्येच लाईट गेली तर जुन्या पद्धतीत पूर्ण डिस्क तपासावी लागायची. इथे वहीची शेवटची काही पानं बघितली की काम भागतं.

खरी मेहनत कुठे होती?

कल्पना ऐकायला सोपी, पण वही भरली की काय? जुन्या नोंदी रद्द होतात आणि पानं अर्धीमुर्धी बाद होतात. मग चालू नोंदी नव्या पानावर उतरवून जुनं पान कोरं करावं लागतं. हे साफसफाईचं काम वाढलं तर सगळा फायदा त्यातच जाईल, ही भीती होती. कोणतं पान आधी साफ करायचं, याचा हिशेब रोझेनब्लम यांनी मांडला, प्रोग्राम लिहिला आणि तो चालवून मोजमाप केलं. साफसफाईचा खर्च धरूनही लिहिण्यासाठी डिस्कची 70 टक्के क्षमता वापरता आली. हा शोधनिबंध 1991 मध्ये मांडला गेला. त्यांच्या प्रबंधाला अमेरिकेतल्या एसीएम या कॉम्प्युटर क्षेत्रातल्या नामांकित संस्थेचा पुरस्कारही मिळाला.

मोबाईलशी संबंध काय?

मोबाईलमध्ये फिरणारी डिस्क नसते, फ्लॅश चिप असते. तिच्यावर लिहिलेल्या जागी परत थेट लिहिता येत नाही. आधी पूर्ण ठोकळा पुसावा लागतो. त्यामुळे पुढे पुढे लिहीत जायची पद्धत तिला चपखल बसते. सॅमसंगने 2012 मध्ये याच विचारावर 'एफ2एफएस' ही फाईल सिस्टीम आणली आणि ती बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये आहे. स्टोरेज गच्च भरलं की फोन रडतखडत चालतो, त्याचं एक कारण हेच. कोरी पानं कमी उरली की साफसफाई वाढते. म्हणून थोडी जागा मोकळी ठेवलेली बरी.

पुढे काय झालं?

पीएच.डी.नंतर रोझेनब्लम स्टॅनफर्ड विद्यापीठात प्राध्यापक झाले. एकाच मशीनवर अनेक ऑपरेटिंग सिस्टीम कशा चालवायच्या, यावर एदुआर बुन्यों आणि स्कॉट डिव्हाईन या विद्यार्थ्यांसोबत त्यांनी 1997 मध्ये 'डिस्को' हे काम मांडलं. 1998 मध्ये त्यातूनच व्हीएमवेअर कंपनी उभी राहिली. पत्नी डायन ग्रीन याही संस्थापकांत होत्या. पुढे या कंपनीचं काम बेंगळुरू आणि पुण्यातही सुरू झालं. कंपनीसाठी पीएच.डी. अर्धवट सोडलेल्या बुन्यों यांनी ती 2012 मध्ये पूर्ण केली.

आपल्याकडची वाट

आपल्याकडे पदव्युत्तर पदवीनंतर, किंवा चार वर्षांच्या पदवीत 75 टक्के गुण असतील तर थेट पीएच.डी.ला अर्ज करता येतो. यूजीसीच्या 2022 च्या नियमाप्रमाणे मुदत 3 ते 6 वर्षं. नेट परीक्षेतून जेआरएफ मिळाली तर 2023 पासून सुरुवातीला महिना 37,000 रुपये विद्यावृत्ती आहे. आयआयटीसारख्या संस्थांत गेट परीक्षेचे गुण धरले जातात.

तेव्हा पीएच.डी. करणाऱ्या पोराला किंवा पोरीला पुढच्या वेळी "नोकरी कधी?" विचारण्याआधी "तुझा प्रश्न काय आहे?" एवढं विचारून बघावं.